बावीस घनमीटर

भिंगरीने ते वादळ एकशे अठराव्यांदा किनाऱ्यावर सोडलं, तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजले होते. वादळ मागच्या वर्षीचं, एकेचाळीस तासांचं. पण तिच्या संगणकात ते पावणेतीन तासांत उरकायचं. तेवढ्या वेळात लाटा उठायच्या, फुटायच्या, पाणी वर चढायचं, वाळूच्या टेकडीचा पायथा कुरतडायचं, टेकडीचा कडा ढासळायचा आणि शेवटी पडद्यावर एक आकडा यायचा. किनाऱ्याच्या दर मीटर लांबीमागे समुद्राने टेकडीची किती वाळू नेली, त्याचा आकडा. बरोबर बारा वाजता तो आला. चौतीस घनमीटर.

तिने कपाळावर हात मारून घेतला. एकशे सतराव्या वेळीही चौतीसच आले होते.

प्रत्यक्षात गेली होती बारा. मोजणीवाल्यांच्या तुकडीने वादळाआधी आणि वादळानंतर, दोन्ही वेळा टेकडीवर फिरून तिचा उंचसखलपणा टिपला होता. दोन मोजण्यांची वजाबाकी केली की बारा घनमीटर उरत होते, आणि मोजणी कागदावर होती, सहीशिक्क्याची होती. जे मॉडेल होऊन गेलेलं वादळ नीट सांगू शकत नाही, त्याने पुढे येणाऱ्या वादळाबद्दल तोंड उघडायचं कशाला? म्हणून आधी जुन्या वादळावर आकडे जुळवून दाखवायचे, मग पुढचं बोलायचं, अशी या कामातली रीत. भिंगरी सहा आठवडे त्या रीतीपाशीच अडकून पडली होती.

तिने काय काय करून पाहिलं नव्हतं? वाळूचे नमुने पुन्हा चाळण्यांतून काढले. कण पाव मिलिमीटरचा होता, तो पाव मिलिमीटरचाच निघाला. समुद्राच्या तळाचा खडबडीतपणा वाढवला, कमी केला. भरतीची पातळी कुठल्या शून्यापासून धरली आहे ते तपासायला बंदराच्या कचेरीत तीन फेऱ्या मारल्या, तिसऱ्या फेरीला तिथल्या कारकुनाने, "ताई, शून्य म्हणजे शून्य, त्यात काय बघायचं?" असं विचारून तिला वाटेला लावलं. लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्राचं घड्याळ वीस मिनिटं मागे होतं, हा एक शोध मात्र लागला. तो सुधारल्यावर साडेचौतीसचे चौतीस झाले. तो दिवस तिने अर्धी रजा टाकून घालवला.

भिंगरी हे तिच्या मामाने ठेवलेलं नाव. लहानपणी ती एका जागी बसत नसे. आता दिवसाचे नऊ तास एकाच खुर्चीत बसायची, पण नाव काही सुटलं नव्हतं. खुर्चीचं एक चाक तुटलेलं होतं. खोलीत तिच्याशिवाय दोन कपाटं, एक कायम सर्दी झाल्यासारखा आवाज करणारं वातानुकूलन यंत्र आणि एक पांढरा फळा, ज्यावर सहा आठवड्यांपूर्वी तिने मोठ्या हौसेने लिहिलं होतं: "जुळवणी – ४ दिवस".

"काय म्हणतंय वादळ?" सर दारात उभे होते. हातात चहाचा कप, बगलेत फाइल. विभागाचे प्रमुख, चांगला माणूस, पण शुक्रवार जवळ आला की त्यांचा चांगुलपणा आटत जायचा.

"चौतीस."

"मग गुणांक वाढव."

"सर, तो पॉइंट पंचेचाळीसवर न्यावा लागतो. तेव्हा कुठे बारा येतात. आजवर लोकांनी तो पॉइंट एक ते पॉइंट तीनमध्ये ठेवलाय. पॉइंट पंचेचाळीस कोणीच वापरलेला नाही."

"मग तू पहिली."

हा गुणांक म्हणजे मॉडेलमधला एक कान होता, पिळायचा. लाट किनाऱ्याकडे येताना थोडी वाळू घेऊन येते आणि परत जाताना घेऊन जाते. येणारी वाळू जाणारीपेक्षा किती जास्त धरायची, ते या आकड्याने ठरायचं. तो वाढवला की समुद्र एकदम दिलदार व्हायचा. नेलेली वाळू लगेच आणून द्यायचा.

"असं करून आकडा जुळेल, सर. पण समुद्र तसा वागतो म्हणून जुळणार नाही. मी कान पिळला म्हणून जुळेल."

"हे बघ." सरांनी कप कपाटावर ठेवला. "मोजणी बारा म्हणते. तुझं मॉडेल चौतीस म्हणतं. दोघांपैकी किनाऱ्यावर जाऊन कोण आलंय? मोजणी. शुक्रवारी अहवाल द्यायचाय. नगरपालिकेचा इंजिनियर मला रोज दोनदा फोन करतो. त्याला फक्त रेषा हवी आहे."

रेषेचंच तर सगळं होतं. शंभर वर्षांत एखाद्या वेळी येईल असं मोठं वादळ मॉडेलमध्ये सोडायचं, ते कुठवर पोचतं पाहायचं आणि नकाशावर रेषा मारायची. रेषेच्या समुद्राकडच्या बाजूला बांधकाम नाही. पॉइंट पंचेचाळीस धरलं तर टेकडी मोठ्या वादळातही टिकत होती आणि तिच्या मागचा मोकळा प्लॉट रेषेच्या सुरक्षित बाजूला जात होता. पॉइंट पंधरा धरलं, म्हणजे इतर सगळीकडे धरतात तेवढं, तर टेकडी सत्ताविसाव्या तासाला फुटत होती आणि रेषा एकोणीस मीटर मागे सरकून त्या प्लॉटच्या पोटातून जात होती.

त्या प्लॉटवर बालवाडी व्हायची होती. आणि त्या बालवाडीच्या बाई म्हणजे भिंगरीची मामी.

*

मामीची बालवाडी सध्या बाजारामागच्या गोदामाच्या खोलीत भरायची. एकतीस मुलं, एक नळ, आणि छताचे पोपडे असे की मामी रोज सकाळी मुलं यायच्या आत जमीन झाडून घ्यायची, नाहीतर कोणीतरी ते तोंडात घालायचं. नव्या इमारतीसाठी तिने सहा वर्षं नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. नकाशा मंजूर झाला त्या दिवशी तिने त्याची प्रत फ्रिजवर चिकटवली. खिडक्या जमिनीपासून किती उंचीवर असाव्यात ते तिने स्वतः ठरवलं होतं, मुलांना भिंतीशी उभं करून, पेन्सिलने खुणा करून. "मोठ्यांच्या उंचीच्या खिडक्या लावतात मेले," ती म्हणायची. "मुलांनी काय आढं बघत बसायचं?"

शिकायला म्हणून या गावात आलेली भिंगरी नोकरी लागल्यावरही मामा-मामीच्याच घरी राहत होती. तिच्या कामाबद्दल घरात फारसं बोलणं होत नसे. सहा आठवडे ती जेवताना एवढंच म्हणायची, "जुळत नाहीये, काही केल्या जुळत नाहीये." मामाची समजूत अशी झाली होती की तिचं ऑफिसात कोणाशी तरी जुळत नाही. अशा बाबतीत मामाने पडू नये, असं मामाचं मत होतं.

त्या सोमवारी मात्र ती ताटावर बसली आणि फुटलीच.

"मामा, तू रोज त्या समुद्रकिनाऱ्यावर असतोस. मला सांग, एवढं मोठं वादळ येतं, टेकडीला असा उभा कडा पडतो, आणि सोळा दिवसांनी मोजणीवाले जातात तर टेकडी जवळपास जशीच्या तशी! सोळा दिवसांत वाळू परत कशी येईल? वाऱ्याने एवढी येत नाही. लाटांनी एवढ्या वर येत नाही. मग आली कशी?"

मामा नगरपालिकेच्या सफाई खात्यात लोडर चालवायचा. पुढे मोठी बकेट असलेलं ते पिवळं यंत्र गेली एकोणीस वर्षं त्याच्या हाताखाली होतं. त्याने घास गिळला, पाणी प्यायला.

"येईल कशी?" तो म्हणाला. "मी आणली."

"काय?"

"वाळू. मी आणली. होड्या उतरवायच्या उतारावर सगळी जाऊन बसली होती ना, होड्या खाली जाईनात. इंजिनियरसाहेब म्हणाले, उचल आणि टेकडीला लाव, पंधरा दिवसांत पाहुणे यायला लागतील, तो कडा फार वाईट दिसतो. लावली. अकरा दिवस लागले."

भिंगरीच्या हातातला चमचा हातातच राहिला. सहा आठवडे. एकशे अठरा वेळा. बंदराच्या कचेरीत तीन फेऱ्या.

"मामा! तू मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू कधी विचारलंस?" मामा म्हणाला. आणि ते अगदी खरं होतं.

ती ताट तसंच सोडून वही घेऊन आली. "किती बकेटी?"

"अगं, आधी जेव."

"किती, मामा?"

"रोज दीडशेच्या आसपास. शेवटच्या दिवशी अर्धाच दिवस काम केलं, डिझेल संपलं." मामा तरुणपणी खाणीत होता. तिथे खेपा मोजायची जी सवय लागली, ती गेली नव्हती. घरी पाण्याच्या बादल्या भरतानाही तो ओठ हलवत मोजायचा. "एक बकेट दोन घनमीटरची. शीग लावून."

साडेदहा दिवस, रोज दीडशे, दोनदोन घनमीटर. तीन हजार दीडशे. टेकडीची लांबी दीडशे मीटर. मीटरमागे एकवीस. मॉडेलचे चौतीस वजा मोजणीचे बारा म्हणजे बावीस. तिने पेन खाली ठेवलं. मॉडेल सहा आठवडे खरं बोलत होतं. मोजणीवाल्यांनी समुद्राचं काम मोजलंच नव्हतं, मामाचं मोजलं होतं. आणि ती एका लोडरला लाटांच्या गणितात बसवायला निघाली होती.

"पण मग खुणा कशा दिसल्या नाहीत? चाकांच्या?"

"दिसतील कशा?" मामा जरा ताठ बसला. "उलटी बकेट फिरवून सगळी सपाट केली ना. वरून नजर टाकली तर कोणी म्हणणार नाही माणसाने केलीय. समुद्राला जमली नसती अशी टेकडी लावून दिलीय मी."

इथे थांबायचं होतं. पण भिंगरी खरं बोलण्याच्या भरात होती. "चांगली कुठली, मामा! सैल वाळू आहे नुसती. मुळं नाहीत, थर नाहीत, दबलेली नाही. मोठ्या वादळात ती पहिल्या चार तासांत साफ होईल."

मामाने ताट पुढे सरकवलं, हात धुतले आणि बाहेरच्या खुर्चीवर जाऊन बसला.

"झालं समाधान?" मामी म्हणाली.

*

मंगळवारी सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लेखी आहे का?"

"मामा स्वतः सांगतोय, सर."

"तुझा मामा. म्हणजे उद्या मी अहवालात लिहायचं, की मोजणी चुकीची, कारण आमच्या संशोधिकेच्या मामाने रात्रीच्या जेवणाला तसं सांगितलं?"

"इंजिनियरसाहेबांनीच काम सांगितलं होतं. त्यांना विचारा ना."

सरांनी तिच्यासमोर फोन लावला, आवाज मोठा करून. पलीकडून इंजिनियरसाहेब अगदी गोड बोलले. वादळानंतर उतार साफ केला होता, हो. टेकडीवर वाळू? छे छे, टेकडीला हात लावायचा तर वरची परवानगी लागते. "आमच्या नोंदीत तसं काही नाही. लोडरच्या वहीत बघा हवं तर, 'उतार सफाई' एवढंच आहे. ड्रायव्हर लोक काय, काहीही सांगतात हो. शुक्रवारचं नक्की ना?"

फोन बंद झाला. वातानुकूलन यंत्राने नाक ओढलं.

"ऐकलंस?" सर म्हणाले. "पुरावा आण, मी पॉइंट पंधरा ठेवतो. नाहीतर पॉइंट पंचेचाळीस आणि खाली तुझी सही."

घरी येऊन तिने पाहिलं तर मामा अजून फुगलेलाच. मामीने मात्र सगळं बारकाईने विचारून घेतलं. रेषा म्हणजे काय, एकोणीस मीटर कुठून, प्लॉट किती खोल. भिंगरीने कागदावर काढून दाखवलं. मामी त्या कागदाकडे बघत राहिली आणि मग फ्रिजवरच्या नकाशाकडे.

"म्हणजे इमारत होणार नाही."

"तिथे नाही होणार."

"तिथे नाही म्हणजे कुठेच नाही. भिंगरे, सहा वर्षं गेली मला ती जागा मिळवायला. तुला माहितीय दुसऱ्या जागेची फाइल कुठून सुरू होते? पहिल्या पानापासून."

"मामी, टेकडी फुटली तर—"

"कधी फुटेल?"

"शंभर वर्षांत एकदा. म्हणजे दरवर्षी शंभरात एक शक्यता."

"आणि ते गोदामाचं छत? ते दरवर्षी शंभरात किती?" मामीचा आवाज चढला. "त्याचं मॉडेल कर ना! ते तर रोज पडतंय माझ्या डोळ्यांदेखत! बारा आलेत ना मोजणीत? सगळे म्हणतायत ना बारा? मग तुलाच कशाला चौतीसचा पुळका?"

छताचं मॉडेल भिंगरीकडे खरंच नव्हतं. तिच्या गणितात वाळू होती, पाणी होतं, वारा होता. मुलांनी तोपर्यंत कुठे बसायचं, हा रकानाच नव्हता.

"पुरावा मिळणारच नाहीये, मामी," ती थकून म्हणाली. "इंजिनियरसाहेब म्हणतात, मामाने टेकडीला हातच लावला नाही. नोंदीत नाही. ड्रायव्हर लोक काहीही सांगतात, म्हणे."

बाहेरच्या खुर्चीचा आवाज झाला. मामा दारात आला.

"कोण म्हणालं?"

"इंजिनियरसाहेब. आम्ही दोघांनी ऐकलं फोनवर."

"मी काहीही सांगतो?" मामा म्हणाला. "अकरा दिवस मी तिथे काय झोपा काढत होतो?"

भाचीने टेकडीला सैल म्हटलं ते त्याला लागलं होतं. पण ती त्याने लावलीच नाही, हे त्याहून जास्त लागलं.

"खणू," मामा म्हणाला.

"काय?"

"टेकडी. माझी वाळू वर आहे ना? खाली तो कडा असेलच की जसाच्या तसा. मी काही तो खरवडला नव्हता, त्याला टेकवून वाळू लावत गेलो. खण आणि दाखव तुझ्या सरांना."

भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली. वाळूच्या थरांवर तिने दोन पेपर लिहिले होते, आणि हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"अहो," मामी हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही खणलंत तर माझी इमारत जाते."

त्या घरात बुधवारभर कोणीच कोणाशी धड बोललं नाही.

*

इमारतीच्या पायासाठी जमीन तपासायचे खड्डे तसेही खणायचे होतेच. त्यातलाच एक थोडा पुढे घ्यायला इंजिनियरसाहेब हरकत घेऊ शकले नाहीत. गुरुवारी सकाळी दहाला ते स्वतः आले, काळा चष्मा लावून. सर आले, बूट वाळूत रुतवत, दर पावलाला वैतागत.

"कुठे?" मामाने लोडरवरून विचारलं.

भिंगरीने टेकडीच्या समोरच्या पायथ्यापासून टेप ओढली. मॉडेलचा कडा सात मीटर वीस सेंटिमीटरवर होता. तिने सहा ते आठ मीटरच्या मध्ये खुणा केल्या. संगणकात चुकलं की निदान कोणी बघत नाही.

मामाने बकेट टेकवली. स्वतः सपाट केलेल्या उतारात तिचे दात घुसवताना तो एक क्षण थांबला, मग लिव्हर ओढला. चार बकेटी काढल्यावर तो खाली उतरला आणि फावडं घेतलं. समुद्राच्या बाजूची वाळू साखरेसारखी घसरत खड्ड्यात येत होती. जितकी काढावी तितकी येत होती. "दिसली सैल?" तो भाचीकडे न बघता म्हणाला. "बघून घे."

"मामा, मी—"

"बाजूला हो, पायावर येईल."

अर्धा तास नुसती घसरणारी वाळू. सर दोनदा घड्याळाकडे बघून झाले. इंजिनियरसाहेब म्हणाले, "मॅडम, वाळूत वाळूच सापडणार," आणि स्वतःच हसले. भिंगरीने टेपवरचा आकडा पुन्हा वाचला. कडा वरून ढासळून गोल झाला असेल तर? मामाने नकळत खरवडला असेल तर? शुक्रवार उद्यावर आला होता.

मग फावड्याचा आवाज बदलला. सुर्र सुर्रच्या जागी खच्च.

मामाने फावडं टाकलं आणि हाताने वाळू सारली. आत उभी भिंत होती, ओलसर, घट्ट, सुरीने कापलेल्या पावासारखी. तिच्यात आडव्या रेघा दिसत होत्या, फिकट आणि काळ्या वाळूच्या, एकावर एक, वर्षानुवर्षांच्या. मधूनच टेकडीवरच्या गवताची तुटलेली मुळं बाहेर लोंबत होती. खाली पायथ्याशी शिंपल्यांचा, लाकडाच्या ढलप्यांचा आणि दोरीच्या तुकड्यांचा पट्टा, वादळाने फेकून दिलेला. त्याच्या अलीकडे सगळी मामाची वाळू, रेघ नाही, थर नाही, आणि तिच्यात डांबराचे काळे गोळे.

भिंगरीने टेप लावली. सहा मीटर नव्वद. मॉडेलमध्ये आणि भिंतीत तीस सेंटिमीटरचा फरक होता, एका वितीहून थोडा जास्त.

सर बुटांसकट खड्ड्यात उतरले. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केली. डांबराचा एक गोळा उचलून बघितला.

"हे उताराच्या रस्त्याचं," मामा म्हणाला. "तिथनंच उचलली होती. समुद्र काही डांबर पाडत नाही."

"नाही पाडत," सर म्हणाले. ते वर आले आणि इंजिनियरसाहेबांसमोर तो गोळा धरला. "तुमच्या नोंदीत हे कुठे लिहू?"

इंजिनियरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अं... तोंडी सूचना दिली असेल कदाचित. गडबडीत. आता आठवत नाही."

"मला आठवतं," मामा म्हणाला. "सोमवार होता."

सर भिंगरीकडे वळले. अभिनंदन करतील असं तिला उगाच वाटून गेलं. "पॉइंट पंधरा ठेव," ते म्हणाले. "आणि सगळी गणितं परत चालव. शुक्रवार संध्याकाळपर्यंत. मला आता तारीख वाढवून मागायला तोंड नाही." आणि बुटातली वाळू झाडत निघून गेले.

"पण मग इमारत बसत नाही," इंजिनियरसाहेब नकाशा उघडत म्हणाले, कोणाला उद्देशून ते कळलं नाही. "प्लॉट तीस मीटर खोल. एकोणीस रेषेत गेले. उरले अकरा. इमारतीला सोळा लागतात."

"नाही बसत," भिंगरी म्हणाली.

तेव्हाच तिला मामी दिसली. मधल्या सुट्टीत मुलांना मदतनीस बाईंकडे सोपवून आली असावी. साडीला खडूचे हात तसेच होते. खड्ड्याच्या कडेला वाकून तिने ती भिंत पाहिली, पायथ्याशी पडलेल्या दोऱ्या-लाकडं पाहिली. मग वळली आणि त्या कड्यापासून सरळ चालू लागली, इमारतीच्या पहिल्या भिंतीसाठी बांधलेल्या दोरीपर्यंत. पावलं मोजत गेली. ओठ हलताना दिसत होते. नवऱ्याचीच सवय.

"चौदा," ती परत येऊन म्हणाली. "चौदा पावलं. 'पळू नका' म्हणून मी ओरडेपर्यंत माझी मुलं एवढं पळून झालेली असतात."

"मामी—"

"मागे घे रेषा." मामीने पदराने हात पुसले. "पण माझ्याशी बोलू नकोस. सहा वर्षं आहेत माझी त्या दोरीत. मला थोडे दिवस रागावू दे."

आणि ती गोदामाकडे निघून गेली, ताठ, जलद. मामाने लोडर चालू केला आणि खड्डा बुजवायला घेतला. बुजवून झाल्यावर बकेट उलटी फिरवायला मात्र तो विसरला, की मुद्दाम राहू दिलं, ते भिंगरीने विचारलं नाही.

*

शुक्रवारी दुपारी चार वाजता अहवाल गेला. माहितीच्या स्रोतांच्या यादीत सरांनी स्वतः एक ओळ घातली होती: "वादळानंतर भरलेल्या वाळूचे परिमाण: लोडरचालक." ती ओळ भिंगरीने घरी आणून दाखवली तेव्हा मामाने चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाला, "शीग लावून, ते नाही लिहिलं."

जेवायला तिघं बसली. फ्रिजवर नकाशा नव्हता. चार कोपऱ्यांना चिकटपट्टीचे तुकडे राहिले होते. 

"अहो," मामी मामाला म्हणाली, "भाजी वाढा तिला."

मामाने भाजी वाढली.

"अहो, तिला विचारा, ती रेषा नुसती त्या एका प्लॉटलाच आहे की सगळ्या किनाऱ्याला?"

भिंगरी समोरच बसली होती. मामाने मान वळवली. "काय गं, सगळ्या किनाऱ्याला आहे का, मामी विचारतेय."

"मामीला सांग, मॉडेल फक्त टेकडीच्या दीडशे मीटरचं आहे. पण वाढवता येईल."

"वाढवता येईल म्हणते."

"मग तिला म्हणावं, पाण्याच्या टाकीमागे एक पडीक जागा आहे. नगरपालिकेची आहे, मी सातबारापासून सगळं बघून ठेवलंय. ती रेषेच्या कुठल्या बाजूला येते, ते मला लेखी पाहिजे. सोमवारी त्या इंजिनियरच्या टेबलावर आपटायला. लेखी आणि शिक्क्यासकट."

भिंगरीच्या डोळ्यांसमोर सगळं एकदम उभं राहिलं: टाकीमागची जमीन कोणी मोजलेली नाही, उंची माहीत नाही, तिथे पाणी खाडीकडून शिरत असेल तर वेगळं गणित, मॉडेलच्या चौकटींचं नवं जाळं आखायचं, नवी मोजणी, नवी जुळवणी. फळ्यावर लिहायचं झालं तर किती दिवस लिहायचे, हेही तिला कळेना.

"मामा, मामीला सांग, सोमवारपर्यंत नाही होणार. आधी मोजायला लागेल. उद्या सकाळी जाऊन मी सुरुवात करते. पण टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतं."

मामाने तोंड उघडलं.

"ऐकलं मी," मामी त्याला म्हणाली. "तिला सांगा, सातला तयार राहा म्हणावं. मला नऊला पोपडे झाडायचे असतात."